लिन आजींचा कंदील

ती. आईस,

रिचमंड हिलहून अबोलीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

घरमालकीण लिन आजींनी त्यांच्या आईने दिलेला चिनीमातीचा कंदील मला दिवाळीसाठी वापरायला दिला. त्यावर पूल, होडी आणि काठावर वाट पाहणारी बाई रंगवली आहे. मी आतला बल्ब काढून तेलाची पणती ठेवली, आणि तापून पुलावर तडा गेला.

दोन दिवस माझ्या बेसमेंटमधल्या खोलीतून वर आजींकडे जायचं धाडस झालं नाही. आज कबूल केलं. आजींनी कंदील फिरवून झाडीच्या चित्रात लपलेला जुना तडा दाखवला.

"घाबरट पोरी, हा बघ माझा! या देशात आले त्या पहिल्या वर्षी आत मेणबत्ती लावली होती. आईला शेवटपर्यंत कळवलं नाही."

म्हणून तुला आजच कळवते आहे.

तुझी,
अबोली