उलट्या पानाचा हक्क

मी, कापडावर छाप उमटवण्याचे लाकडी ठसे कोरणारा, वय वर्षे एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे स्वहस्ते लिहून ठेवतो. यापूर्वी काही लिहिले नव्हते, कारण विचारणारे कोणी नव्हते.

१. खोलीतील पलंग व दोन खुर्च्या घरमालकांच्या आहेत, त्यांना परत कराव्यात. दुसऱ्या खुर्चीवर अकरा वर्षांत फक्त कपडे बसले, त्यामुळे ती नव्यासारखी आहे.

२. छिन्न्या व हातोडी खालच्या सुताराला द्यावी. तो त्या उसन्या नेतो आणि चार हाका मारल्याशिवाय आणत नाही. आता आणायची कटकट मिटेल.

३. वेलीच्या नक्षीवरील संपूर्ण हक्क. हा मला कोर्टाने दिला. कापडाच्या एका कंपनीने आमची वेल यंत्रावर छापून दुकानोदुकानी विकली आणि कोर्टात म्हणाली, ही तर लोकांची परंपरा, हिला मालक कसला? माझ्या वकिलांनी बजावले, ‘बहिणीचं नाव काढू नका. तिला कुणी शिकवलं विचारतील, मग आई निघेल, आजी निघेल आणि वेल सगळ्यांचीच ठरेल.’ न्यायाधीशांनी विचारले, नक्षी कोणी काढली? मी म्हणालो, ‘मी एकट्यानं.’ माझी थोरली बहीण, ताई, मागच्या बाकावर बसली होती.

खरे असे आहे, की वेल ताईने काढली, मी कोरली. ठशावर नक्षी उलटी काढावी लागते, तेव्हा ती कापडावर सुलटी उमटते. ताई एक पान उलटवायला विसरली आणि ते भलतीकडे तोंड करून उमटले. कंपनीच्या कापडावरही ते तसेच होते. त्यावरच खटला फिरला. ‘ही चूक माझीच,’ असे मी शपथेवर सांगितले. नक्षी लाटलीच, तिची चूकही लाटली.

बाहेर आल्यावर ताई एवढेच म्हणाली, ‘जिंकलास ना? तुझं तुलाच लखलाभ.’ तेव्हापासून बोलणे नाही. मला तिची फार आठवण येते. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नाही.

४. सदर हक्क ताईला ‘देत आहे’ असे लिहायला वकिलांनी सांगितले. मी ‘परत करीत आहे’ असे लिहितो. त्यांच्या मते यामुळे माझी साक्ष खोटी ठरेल, कंपनी पुन्हा कोर्टात जाईल आणि हक्कच बुडेल. बुडू दे. ताईने वेल विकावी, वाटावी, नाहीतर कपाटात ठेवावी. तिला कोणी शहाणपण शिकवू नये.

५. हे पत्र माझ्या पश्चात उघडावे आणि तिसरे कलम ताईला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावे.

स्थळ: माझी खोली, खिडकीजवळ
दिनांक: नऊ फेब्रुवारी, रविवार
सही: ठसेवाला

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले (सही)

साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही). सहीपूर्वीचे बोलणे त्यांच्या हट्टामुळे येथे नोंदवतो. बाई म्हणाल्या, ‘अहो, बहीण आहे ना अजून? मग मरायची वाट कशाला बघताय? आत्ताच जा की!’

मी म्हणालो, ‘तुम्ही आधी सही करा.’