मशीन मी झाकलं नाही

माय, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. जे तू मला जन्मभर झाकायला लावलंस, ते परवा मी भर बैठकीत उघडं ठेवलं. हे तुला सांगायचंच होतं.

फुलसावंगीच्या घरी चुलीसमोर भाकरी थापता थापता तू मला शिकवलंस: समोरच्याचं तोंड पाहायचं, कळलं नाही तरी हसायचं. माझे कान शाळेतच कमी होत चालले होते, पण ते बाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मला पाहायला पहिले पाहुणे आले. मुलाच्या आईनं काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "मले नीट आयकू येत नाही, जरा जोरानं बोला." ते गेल्यावर तू माझा दंड धरलास. "काहून सांगतलं? बह्यऱ्या पोरीले कोन करून घेईन?" त्यांचा नकार आला. पुढच्या पाहुण्यांसमोर मी नुसती हसले आणि लग्न होऊन उमरखेडला आले. थोड्याच दिवसांत नवऱ्याला कळलं. तुझा जावई एसटीत कंडक्टर. म्हणाला, "आधी सांगतलं असतं तं काय झालं असतं? ओरडाची सवयच हाये मले." इतकंच. ज्याच्यासाठी तू मला इतकी वर्षं मुकी केलीस, ते एवढंच होतं.

पुढे कानात घालायचं यंत्रही पुरेना. नागपूरला ऑपरेशन करून कानाच्या आत बारीक तार बसवली. बाहेर कानामागं मशीन, आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी बिस्किटाएवढी चकती. सुरू केलं त्या दिवशी माणसांचे आवाज डब्यात खडे हलवल्यासारखे आले. मी रडले. मग रोज संध्याकाळी तुझा जावई माझ्या पाठीमागं बसून गावांची नावं घ्यायचा, महागाव, ढाणकी, पुसद, आणि मी ती परत म्हणून दाखवायची. असं करत करत माणसं पुन्हा ऐकू आली.

परवा तुझ्या नातीला पाहायला पाहुणे आले. नणंद म्हणाली, "वहिनी, डोक्यावर पदर घ्या. पोरीलेबी लागलं असन म्हनतीन ते." मी केस आणखी वर बांधले. मुलाची आई माझ्याकडे बघतच राहिली. "हे काय व्हय?"

"माह्या कानाचं मशीन. ऑपरेशन करून बसवलं. आयकू येत नव्हतं, आता येते. पोरीचे कान चांगले हायेत. नसते, तरी मी लपवलं नसतं."

ती बाई हळूच म्हणाली, "मंग आमी आपसात बोललो तेबी आयकलं काय?"

"हाव. चहात साखर कमी पडली म्हनल्या तुमी."

आधी माझी पोरगी हसली, मग ती बाई. सोयरीक जुळली. नसती जुळली तरी मी पदर घेतला नसता, माय. तू भीत होतीस, हे मला कळतं. पण ती भीती मी पोरीला आंदण देणार नाही.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. ऑपरेशनला आत नेलं तेव्हाही मी तुझ्यावर चिडलेलीच होते. भूल चढायला लागली आणि तोंडातून निघालं ते "माय".