राईतली मोई जित्ती हाय

सर, तुमाला देवाघरी जाऊन सहा वर्सं झाली आन आज मी पहिल्यांदाच तुमाला काय तरी सोताहून लिहितोय. शाळेत निबंधाची पाळी आली की मी शेजारच्या पोरीचं बघून उतरवायचो, इतकं जसंच्या तसं की एकदा माझ्या निबंधात 'मी माझ्या दोन वेण्या स्वतः घालते' असं आलं व्हतं. तुमी ते आख्ख्या वर्गापुढं वाचलं आन मला इच्यारलं, "रिबिनी कुठल्या रंगाच्या?" आज कुणाचं बघून लिहीत नाय. आज मी जिंकून आलोय, आन कशानं जिंकलो ते समजंल असं दुसरं माणूस मला तरी म्हाईत नाय.

सहावीत मी तुमच्या खुर्चीवर खाजकुयली चोळली व्हती. शेंगेवरची ती तपकिरी लव, कागदात गुंडाळून आणल्याली. तुमी बसलात, हजेरी सुरू केली, आन माझ्या नंबरापर्यंत येता येता तुमचा आवाजच बदलला. पोरं बाकाखाली तोंड घालून हसत व्हती. तुमी गुमान उठलात, मागच्या गोठ्यातनं शेण मागून घेतलं, अंगाला चोळलं, धुतलं, आन ओल्या लेंग्यानं वर्गात येऊन टेबलावर एक पुस्तक आपटलं. झाडांचं पुस्तक. पानाचं चित्र, साल कशी, फूल कुठल्या महिन्यात, फळ कसं, सगळं त्याच्यात. "कुणी केलं ते मला माहीत आहे," तुमी म्हणालात. "मारणार नाही. या पुस्तकात तुझी वेल शोध. सापडेपर्यंत घरी जायचं नाही." तवर मी कुठलंच पुस्तक शेवटापर्यंत बघितलं नव्हतं. त्या दिवशी पाच वाजले सापडायला, आन मधल्या पानांवर मला आपली अर्धी देवराई भेटली. मी बोट ठिवून दाखवलं तर तुमी म्हणालात, "नाव कळलं म्हणजे अर्धंच काम झालं. आता हिला कोण खातं, हिच्यात कोण राहतं, हिचं बी कोण पेरतं, ते बघून ये." मी म्हणलं, "सर, खाजवतं कोण ते सांगू का?" तवा मातर एक पाठीत बसली.

पण ते तीन सवाल डोक्यातनं गेले नाय. तुमी रिटायर झालात तवा ते पुस्तक मलाच दिलंत. हुशार पोरं नुसती बघत राहिली. दहावीला गणितात माझी दांडी उडाली, मी जेसीबीवर चढलो, आन पुस्तक शिटाखाली गेलं. डबा खाताना एक झाड बघायचं, पुस्तकात गाठायचं, शिसपेनीनं कडंला तुमच्या अक्षरांखाली लिव्हायचं. उंबराच्या फळात किडं असत्यात म्हणून आमची आई ते फेकून द्यायची. मला कळलं की त्या बारक्या माशीबिगर उंबराला बीच धरत नाय. हरोळ्या, ती हिरवी कबुतरं, उंबरं खात्यात आन भलत्याच झाडाच्या ढोलीत बी टाकून जात्यात. पडका ओंडका कुजला की त्याच्यात अळ्या, अळ्यांमागं सुतारपक्षी, आन सुतारानं पाडल्याल्या भोकात पुढल्या साली दुसऱ्याच कुणाचा संसार. राईत एकबी गोष्ट रिकामी बसत नाय, सर. कामचुकार फकस्त मीच.

आता औंदाच्या यात्रेचं सांगतो. डिंभ्याच्या वरची आपली राई, तुमाला रीत म्हाईतच हाय. चैतातला यात्रेचा एक दिवस सोडला तर वरीसभर कुणी आत पाय टाकायचा नाय, आन त्या दिवशीबी अनवाणी. ज्यानं ही रीत मोडली त्याच्या घरानं वरीसभर पालखीला खांदा द्यायचा नाय. तर कमिटीनं ठरवलं, देवळापुढं पत्र्याचा मांडव घालायचा आन मधी येतंय ते वाळकं झाड उपटायचं, सगळा पाचोळा झाडून काढायचा. देवळातल्या गुरवबाबांकडनं कौलबी लावला. देवाला दोन फुलं चिकटवली, "वाळकं झाड काढू का?" म्हणून इच्यारलं, उजवं फूल पडलं. झाली परवानगी. काम आलं माझ्या शेठच्या मशीनला, म्हंजी मलाच. माणसं आत जाणार त्या एकाच दिवशी, म्हणून मशीनबी त्याच दिवशी. मी राईच्या तोंडाशी जेसीबी लावला आन अध्यक्षांना म्हणलं, "भाऊ, आत अनवाणी जायचं ना? मंग हिचे टायर कुठं काढून ठिवू?" पोरं खिदळली. अध्यक्ष म्हणाले, "लई शाना झालास. चल, पुढं घे."

मी आदी चालत आत गेलो, झाड बघायला. राखाडी सरळ खोड, वर एक पान नाय, फळ नाय, नुसता सांगाडा. पण तुमी लावल्याली सवय, आदी खाली बघायचं. पाचोळ्यावर सुकल्याले बारीक तुरे पडल्याले, सुतळीच्या धाग्यावाणी. वाळल्याल्या झाडाला तुरे कशे येतील? मी पळत जाऊन पुस्तक आणलं. साल जुळली, तुरे जुळले. मोई. हिवाळ्यात पानं गाळती ती पार पावसाच्या तोंडापतुर उघडी राहती. फुलं येत्यात ती बोडक्या फांदीवर. नर झाड येगळं, मादी येगळी, आन नराला फळ धरत नाय. शेवटची ओळ व्हती, आतली साल लालसर. गावाची चूक कुठं झाली ते मला दिसलं. आज्या-पणज्यापासनं आख्खा गाव त्या झाडाला फकस्त चैतात बघत आला. झोपल्यालं बघितलं आन मेलं म्हणून मोकळे झाले.

आन मंग मला वळख पटली, ह्याच जागचं झाड मी श्रावणात पानांत बघितलं व्हतं, ते आन हे बोडकं एकच हे तवर ध्यानात आलं नव्हतं. शाळा बुडवून आत लपलो व्हतो तवा. ही गोष्ट सांगायची म्हंजी रीत मोडली हे कबूल करायचं. औंदा पालखीचा पुढचा दांडा आमच्या बापाला मिळाल्याला. बाप बारा वर्सं मागच्या दांड्याला व्हता. त्याच दिवशी नवा सदरा घालून तो देवळापुढं उभा, आन मी पुस्तक हातात घिऊन त्याच्याकडंच बघतोय.

मी म्हणलं, "हे झाड मी काढणार नाय." अध्यक्ष म्हणाले, "देवानं कौल दिलाय, तू कोण?" मी म्हणलं, "देवाला तुमी वाळक्या झाडाचं इच्यारलं. वाळक्याला दिली परवानगी. हे वाळलंय कुठं? हे जित्तं हाय." "कशावरनं?" मी पुस्तक दावलं. "असली पुस्तकं लई बघितली," अध्यक्ष म्हणाले. "तू कधी पान बघितलंस काय ह्याला?" मी म्हणलं, "बघितलं. श्रावणात. ह्याच जागी उभं राहून." बापानं मान खाली घातली, सर. तेवढ्यात वाटलं, आपण तोंड मिटलं असतं तर बरं झालं असतं.

पण मंग मी पुस्तक उघडलं आन मोठ्यानं वाचलं, तुमी वाचायला लावायचा तसं, एक एक शब्द. आतली साल लालसर. म्हणलं, "गुरवबाबा, तुमच्या हातानं जरासं खरवडून बघा. आत वाळकं भुस्कट निघालं तर मी सोता मशीन चालवतो." गुरवबाबांनी देवाला हात जोडले, नारळ सोलायची सुरी घेतली आन नखायेवढी साल उडवली. आत ओलं, लालजर्द. मागनं एक बाई वरडली, "आगं माय, रगत!" मला वाटलं, घ्यावा का ह्या रगताचा फुकटचा फायदा? पण नाय घेतला. म्हणलं, "रगत नाय मावशे, साल हाय. ही बघ, हितं छापल्यालीच हाय." पुस्तक आख्ख्या गावात फिरलं, सर. म्हातारी माणसं चष्मा वर करून तुमची शिसपेनीची अक्षरं वाचत व्हती. कुणी तरी म्हणलं, "मास्तरचं पुस्तक हे!" अध्यक्षांनी सालीवर बोट फिरवलं, वास घेतला, आन म्हणाले, "मांडव मागच्या अंगाला घ्या." पाचोळा झाडून काढायचा बेतबी तिथंच गेला, कारण गुरवबाबांनी खालची माती उकरून बघितली आन त्यांच्याच हाताला पाचोळ्यानं राखल्याली ओल लागली. शेठचा फोन आला, मी म्हणलं, "काम कॅन्सल, देवाची हरकत हाय."

राहिला पालखीचा सवाल. गुरवबाबांनी मला जवळ बोलावलं. "किती वर्साचा व्हतास रं आत शिरलास तवा?" "अकरा." "पोराचं पाऊल देव मोजत नाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बापानं पुढचा दांडा उचलला. माझ्याजवळनं जाताना मान न वळवता म्हणाला, "पुस्तक जपून ठिव." आयुष्यात बापानं पुस्तकाबद्दल काढल्याला तो पहिला शब्द. मी मोईखाली उभा राहून ह्ये मोठं हसत व्हतो.

अकरा हे खोटं नाय, सर. पहिल्या बारीला अकराचाच व्हतो. पण त्याच्यानंतर दर श्रावणात गेलोय, गेल्या साली धरून, आन गेल्या साली तेवीसचा व्हतो. गुरवबाबांनी कितीदा गेलास ते इच्यारलं नाय, मी सांगितलं नाय. म्हणून हे पत्र कुठंच जाणार नाय. कुणाच्या हाती पडलं तर बापाचा दांडा जाईल, आन ह्या श्रावणात मला मोईची पानं बघायला परत आत जायचंय.