तिकटीवरची जाहिरात

आबा,

काल एका भुताच्या सिनेमाचा ट्रेलर कापून पुरा केला. तुकडा दोन-तीन मिनिटांचा, पण आठवडा खाल्ला त्यानं, कारण सिनेमा काढणारा रोज येऊन एकच धोशा लावायचा. बाई, भुताचं तोंड दाखवा, एवढी रंगरंगोटी केलीय त्यावर. मी म्हटलं, तोंड फुकटात दाखवलंत तर लोक तिकीट कशाला काढतील? बंद दार दाखवते, दाराखालचा उजेड हलतो ते दाखवते, पैंजण ऐकवते, मग सगळं गप्प करते, आणि बाईची किंकाळी अर्ध्यावर तोडते. तो म्हणाला, हे तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात? मी म्हटलं, छकड्यात. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण ट्रेलर मी म्हटलं तसाच झाला, आणि बघून तो खुर्चीतून चांगला वीतभर उडाला, तेव्हा तुम्हाला हे सांगावंसं वाटलं.

खरंच छकड्यातच शिकले की. लढाईचे दिवस होते. आपली तंबूतल्या सिनेमाची कंपनी सांगलीपासून साताऱ्यापर्यंत जत्रा धरत फिरायची. तंबूमागच्या चुलीवर आई कंपनीच्या माणसांच्या भाकऱ्या थापायची, तुम्ही बैलाच्या छकड्यावर उभे राहून पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून गावात जाहिरात करायचात, आणि भुताचा खेळ असला की लग्नाला आलेली मी छकड्यात पडद्याआड बसून किंकाळी मारायचे. आई कपाळावर हात मारून घ्यायची. "अशी गावभर वरडणारी पोर कोण करून घेणार?" तुम्ही मिशीत हसून म्हणायचात, "आवाज ऐकू येतूया, पोरगी कुठं दिसतीया?" एकदा कऱ्हाडच्या बाजारात मला जोर चढला आणि मी पुरी, लांबलचक किंकाळी मारली. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही पडदा बाजूला करून डोळे वटारलेत. "पुरी वरडलीस तर मेली म्हणत्यात आन् घरला जात्यात. अर्ध्यात तोड. मेली का जगली, त्ये बघाया येतील मग." मी दिवसभर फुगून बसले. आता माझ्या हाताखालची पोरं पूर्ण किंकाळी ठेवतात तेव्हा मी त्यांच्याकडे अगदी तुमच्यासारखे डोळे वटारते.

बाकीच्या तुमच्या युक्त्याही मला पाठ आहेत. आधी एखादा विनोद करून लोकांना हसवायचं, हसून तोंड उघडं राहिलं की त्यात भूत टाकायचं. मग कर्णा खाली घेऊन, काळजी वाटल्यासारखं सांगायचं, "गरवार बायांनी आन् कच्च्या काळजाच्या गड्यांनी येऊ नगा बरं का. मागनं आमाला बोल नगं." की सगळ्यात आधी तेच गडी तंबूच्या दारात हजर. आणि सगळ्यात मोठी युक्ती विहिरीची. कुठल्याही गावात शिरलो की तुम्ही आधी न्हाव्याकडे दाढीला बसायचात आणि बोलता बोलता विचारून घ्यायचात, की इथल्या कुठल्या विहिरीवर तिन्हीसांजेला बाया जात नाहीत. दुपारी जाहिरातीत तीच विहीर. सिनेमा कुठे का घडेना, ऐकणाऱ्याला वाटायचं की सिनेमातली ती भुताची बया आपल्याच मळ्यातून तंबूत आली आहे. आम्ही आता ह्याला मोठमोठी नावं देतो, त्यावर बैठका घेतो. मी त्या बैठकांत गप्प बसून चहा पिते.

त्या वर्षी कंपनीचा मालक मुंबईहून दोन वस्तू घेऊन आला. एक लाऊडस्पीकर आणि एक ट्रेलरचं रीळ. आम्ही सगळ्यांनी ते रीळ तंबूत बसून पाहिलं. त्यात भूत सुरुवातीलाच दात विचकून समोर येत होतं. तुम्ही म्हणालात, "आवं मालक, हे तर ओळख करून द्याया आलंय." सगळे हसले, मालक हसला नाही. त्याने सरळ सांगितलं, की आता यंत्र बोलेल, छकड्याचं काम उरलं नाही. आटपाडीच्या जत्रेत तंबू भरून दाखवा, नाहीतर सांगलीला घरी जाऊन बसा. तुम्ही "बरं" म्हणालात. त्या दिवशी तुम्ही अर्धीच भाकरी खाल्लीत, आणि आईने उरलेली अर्धी फडक्यात बांधून ठेवली, म्हणजे तिलाही कळलं होतं. कर्णा गेला तर तुम्ही काय करणार होता, आबा? तुम्हाला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

आटपाडीत विहिरीची युक्ती फसली. न्हावी म्हणाला, "हितं पानी न्हाई आन् भूत कुठलं ऱ्हातंय विहिरीत?" कोरड्या विहिरीला कोण भिणार! तुम्ही तंबूच्या दोराला टेकून बसला होता, ते एकदम उठलात. आईने न्याहारीला दिलेला दहीभात तुम्ही पत्रावळीवर घेतलात, त्यावर हळदकुंकू टाकलंत, लिंबू कापून ठेवलंत, शेजारी नारळ, आणि काळ्या चिंधीची एक बाहुली. गावातून तंबूकडे येणारी वाट जिथे फुटते त्या तिकटीवर, अगदी मधोमध, हा उतारा मांडलात. दुपारी छकडा तिथेच उभा केला. काय बोललात त्या दिवशी! "मंडळी, ह्यो उतारा कुणी टाकला? कुणासाठी टाकला? ती बया आज तंबूत दिसंल!" मी किंकाळी अर्ध्यात तोडली. माणसं गोळा झाली, बाया पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. जाहिरात लागू पडली होती. मी पडद्याच्या फटीतून बघत होते आणि मला तंबू भरलेला दिसत होता.

तुम्ही म्हणालात, चला मंडळी, तंबूकडे. कुणी हललं नाही. दोन्ही बाजूंना निवडुंगाचं कुंपण, मधून वाट, आणि वाटेत उतारा. तो ओलांडणार कोण? सुट्टीवर आलेला एक पलटणीतला गडी तेवढा पुढे झाला, "म्या बर्मात बाँब बघितल्यात" म्हणाला, उताऱ्यापाशी थांबला आणि "दुसरं कुणी जाऊ द्या पयलं" म्हणून मागे सरकला. लोक एकेक करून परतायला लागले. तुम्ही घाबऱ्याघाबऱ्या ओरडलात, "आवं खोटा हाय त्यो! म्याच मांडलाय, जाहिरातीसाठी!" तेव्हा घोंगडं पांघरलेली एक धनगराची म्हातारी म्हणाली, "खोटा उतारा नसतूय बाबा. मांडला की झाला." आणि मागून कुणीतरी म्हणालं, "खोटा हाय तर उचल की तूच." सगळे थांबले. तुम्ही छकड्यावरून उतरता, पत्रावळीपाशी जाता, वाकता, आणि तुमचा हात तिथेच राहतो. उभ्या मुलखाला भूत दाखवणारा माझा बाप स्वतःच्या दहीभाताला भ्याला होता. मला हसू आलं नाही. 

मी पडदा सारून खाली उतरले. आतापर्यंत जिचा नुसता आवाज ऐकला ती पोरगी लोकांना प्रथमच दिसली. मी नारळ उचलला, छकड्याच्या चाकाच्या लोखंडी धावेवर फोडला, खोबऱ्याचा तुकडा काढला. बाया "आगं आगं" करत राहिल्या. मी तुमच्याकडे बघितलं आणि तुकडा तोंडात टाकला. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघत उभे राहिलात आणि मग तुमचा हात कर्ण्याकडे गेला. "बघितलंसा मंडळी? खाल्ला तिनं उतारा! आता पोरीचं काय हुतंय, तंबूत येऊन बघा!"

उतारा आता पोरीला लागला, म्हणजे वाट मोकळी झाली, असं धरून लोक तंबूकडे निघाले. पाय ठेवायला जागा राहिली नाही त्या संध्याकाळी. तुम्ही मला पडद्याशेजारी बत्तीच्या उजेडात खुर्चीवर बसवलंत. सिनेमातलं भूत बिचारं एकटंच नाचत होतं, सगळा तंबू माझ्याकडे बघत होता. मी जांभई दिली तरी बाया एकमेकींना धरत होत्या. खेळ संपल्यावर मालक म्हणाला, "तुमचा छकडा राहू दे. रीळ काय नारळ खात नाही." तुमचं काम राहिलं, आणि तुम्ही थकेपर्यंत तो कर्णा तुमच्याच हातात होता. तिथे मी शिकले, की लोक भुताला बघायला येत नाहीत, ते भुताच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाला बघायला येतात. त्या एका गोष्टीवर मी जन्मभर कामं मिळवली आहेत.

पण खेळ चालू असताना तुम्ही काय करत होता, ते लोकांनी बघितलं नाही. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे होता आणि दर रिळाला माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत होता. तुमची बोटं गार पडली होती. आईने मीठमिरच्यांनी माझी दृष्ट काढली, तुम्हाला जे बोलायचं ते बोलली, आणि तुम्ही ऐकून घेतलंत. त्यानंतर तुम्ही मला छकड्यात कधी घेतलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "आता म्होटी झालीस." मला वाटलं, माझा आवाज तुम्हाला नकोसा झाला. पुढे मला मुलं झाली, त्यांच्या तापात मी अशीच रात्र रात्र कपाळं चाचपली, तेव्हा कुठे उमगलं की तुम्हाला काय नकोसं झालं होतं.

तुम्ही गेलात तिकडे हे पत्र टाकायला पेटी नाही, टेबलाच्या खणात राहील. तुम्ही केलंत ते कामाचंच केलंत, तुमच्या जागी मी असते तर मीही कर्णाच उचलला असता, आणि मी कुणाच्या सांगण्याने थांबणारी नव्हतेच. पण आबा, तुकडा तोंडात टाकायच्या आधी मी तुमच्याकडे बघितलं, ते परवानगीसाठी नव्हतं. तुम्ही "नगं पोरी" म्हणाल, एवढंच मला ऐकायचं होतं.