मशीनचं दूध

४ मे
ती. दादास,
शि. सा. न.
तुझं पत्र पोचलं. दूध नासलंय तेव्हापासून खोकला थांबत नाही म्हणतोस, तर मुळात नासलेलं दूध पितोस कशाला? वहिनींना म्हणावं, सरळ ओतून द्या. मी इथे प्रयोगशाळेत कारखान्यातल्या तेलांचा फवारा उंदरांना हुंगवते आणि माणसांना तो किती बाधेल ते ठरवते. घरच्या माणसाला काय बाधलं ते मात्र पत्रातून कळतं!
लोभ आहेच, तो वाढव.
तुझी चिमणी

११ मे
चि. चिमणीस,
अ. उ. आ.
अगं वेडाबाई, तुझी वहिनी पोट धरून हसली. दूध म्हणजे प्यायचं नव्हे! लेथवर लोखंड कापताना तापू नये म्हणून तेल-पाणी सोडतात, ते पांढरं दिसतं, म्हणून आम्ही त्याला दूध म्हणतो. आमचं वर्षभर बदललेलंच नाही. आटलं की वरून नवं ओतायचं, झालं. आता गटारासारखा वास मारतो आणि मशीन फिरलं की त्याचंच धुकं नाकातोंडात जातं. जिना चढताना धाप लागते. दुसऱ्या खात्यात बदली मागितलीय. साहेब म्हणतात, तेलाच्या तपासणीचा अहवाल येऊ दे, मग बघू. तेलाच्या डब्यावर निळ्या माशाची छाप आहे. तुला काही ठाऊक?
उत्तराची वाट बघतो.
दादा

२० मे
ती. दादास,
शि. सा. न.
ऐक रे. निळ्या माशाचा डबा माझ्याकडेच आला होता. सीलबंद, कोरा. उंदीर ठणठणीत राहिले आणि ‘सुरक्षित’ म्हणून अहवाल गेलासुद्धा. खाली सही माझी. मशीनमधलं वापरलेलं तेल मागवा, म्हणून आमच्या साहेबांशी भांडले. ते म्हणाले, गिऱ्हाईक देईल ते तपासायचं. नासलेलं कोण आणून देणार, दादा? तूच बाटलीभर पाठव. मी तपासते. आणि तोवर त्या मशीनपाशी उभा राहू नकोस, तुला माझी शपथ.
काळजीत आहे, लवकर लिही.
तुझी चिमणी

८ जून
वन्सं,
स. न. वि. वि.
ह्यांनी बाटली भरली आणि फाटकावर झडतीत सापडली. चोरीचा ठपका ठेवून घरी बसवलंय. बदलीचा अर्जही तुमच्या अहवालावर बोट ठेवून परत आला. तेल सुरक्षित आहे, दोष तुमच्या छातीत असेल, असं तोंडावर सांगितलं म्हणे.
हे मात्र भेटेल त्याला सांगतात, अहवालावर सही आमच्या चिमणीची आहे. अभिमानानं सांगतात हो! मग खोकत भिंत धरून उभे राहतात. तिच्यावर रागावू नकोस, असं मला चारदा बजावलंय. ते रागावत नाहीत, म्हणून मलाच रागवावं लागतंय.
लोभ असू द्या असं लिहायला हात धजत नाही.
तुमची वहिनी