पुढच्या दाराची पावलं

मंगळ., ३ ऑक्टो. २००६. एडिसन

वि.ने आज जेवताना जाहीर केलं: पुढच्या बुधवारी आपण फ्रान्सला जातोय. चार दिवस, किल्ले बघायला. मी आमटी वाढत होते, पळी तशीच हातात राहिली.

छत्तीस वर्षांच्या संसारात या नवऱ्याने आपणहून ठरवलेला प्रवास म्हणजे एक नायगारा. तोही पुण्याचे पाहुणे आले म्हणून. आणि आता म्हणे रोहनने तिकिटं काढलीत, हॉटेल बुक केलंय, गाडीसुद्धा ठरवलीय. सगळं तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूत बसून. जो मुलगा रविवारच्या फोनवर "आई, आय ॲम इन द मिडल ऑफ समथिंग" याच्या पुढे जात नाही, तो.

"लग्नाच्या वाढदिवसाची भेट आहे गं," वि. म्हणाला. आमचा वाढदिवस मे महिन्यात झाला.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्म गेला माझा. रिपोर्ट फारच छान आला की मी नमुना पुन्हा लावायची. हा रिपोर्ट फारच छान आहे.

गुरु., ५ ऑक्टो.

रोहनचा फोन. आठवड्याच्या मधेच, आणि त्याने आपणहून केलेला. आम्ही तिकडे असताना तो इकडे येणार.

"जस्ट अ वर्क थिंग, आई. न्यूयॉर्कला मीटिंग आहे. घरी राहीन, मेल वगैरे बघीन."

मेल, म्हणजे टपाल, दर वेळी शेजारची नेहा बघते. नागपूरची पोरगी, नवराबायको दोघं आयटीत, आमची एक किल्ली कायम तिच्याकडे. तर म्हणे या खेपेला तिला त्रास नको. नेहाला त्रास होतो हे याला तीन हजार मैलांवरून कळलं?

लिहूनच टाकते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. फेब्रुवारीत बेसमेंटच्या जिन्यावरून पडले, धुतलेले कपडे घेऊन. चारच पायऱ्या. गुडघा सुजला, बरा झाला. (जवळजवळ.) जूनमध्ये रोहन आला तेव्हा बापलेकांनी विषय काढला. हे घर विकायचं, बेलव्ह्यूला त्याच्याजवळ काँडो घ्यायचा, एकही जिना नसलेला. मी नाही म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं, नेहाच्या घरी ऐकू गेलं असेल. त्यानंतर चार महिने या विषयावर कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

वाद घालत राहिले असते तर मी निर्धास्त असते. दोघं गप्प आहेत म्हणजे काहीतरी शिजतंय. घर दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय हलत नाही. पण सहीच्या आधी करण्यासारखं बरंच असतं, आणि त्यासाठी मी घरात नसले की सोयीचं.

रवि., ८ ऑक्टो.

बॅगा. वि.ने स्वतःचे मोजे स्वतः भरले. मग माझे जुने चालायचे बूट शोधून आणून दिले. "हे घे, तिथे जिने फार असतील."

जिन्यावरून पडलेल्या बाईला किल्ले चढायला कोण नेतं? समुद्रकिनारे काय कमी होते? विचारलं तर पेपरात तोंड खुपसलं.

लोणचं घेतलं नाही, विमानात ओलं काही नेण्याचे हल्ली फार नखरे. लसणाची चटणी आणि मेथीच्या पुऱ्या घेतल्या.

बुध., ११ ऑक्टो. विमानतळावर

सापळा लावून आले.

आम्ही सगळे गॅरेजच्या दाराने आत-बाहेर करतो. रोहनही. पुढचं दार उघडतं ते फक्त परक्या माणसासाठी. म्हणून निघायच्या आधी पुढच्या दाराच्या आत, फरशीवर, लक्ष्मीची दोन पावलं काढली. दर शुक्रवारी काढतेच, आज बुधवारी काढली. अगदी उंबऱ्याला लागून, ओलांडता येणार नाहीत अशी. वि. गाडीत हॉर्न वाजवत बसला होता. "आज कुठला सण?" मी म्हटलं, घर एकटं सोडताना असू दे.

देवीला पहारेकरी केलं. तिने माफ करावं.

शुक्र., १३ ऑक्टो. लुआर नदीच्या काठी, एक खेडं

उतरलोय एका म्हाताऱ्या बाईंच्या शेतघरात. खिडकीखाली बदकं. बाईंना इंग्रजी येत नाही, मला फ्रेंच येत नाही, पण मेथीची पुरी खाल्ल्यावर त्यांनी दुसरी मागितली. एवढी एकच गोष्ट आज सरळ झाली.

आज शांबोर. आपल्या डोक्यातला किल्ला म्हणजे तट, बुरूज, पाण्याचं टाकं. हा म्हणजे शिकारीला आलेल्या राजाचा बंगला, छतावर सगळा धुराड्यांचा गाव. मधोमध एक गोल जिना आहे. खरं तर दोन जिने, एकमेकांत गुंफलेले. एकाने एक माणूस चढावं, दुसऱ्याने दुसरं, वरपर्यंत गाठ पडत नाही. मधल्या भिंतीला खिडक्या ठेवल्यात, त्यातून फक्त दिसतं.

वि. म्हणाला, "तू त्या बाजूने जा, मी या बाजूने. गंमत." याला गंमत कधीपासून सुचायला लागली?

दुसऱ्या वळणावर खिडकीतून दिसला. कानाला प्रवासापुरता भाड्याने घेतलेला फोन. मी भिंतीला टेकले. शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाही रे, थांबली नाही अजून. मला वाटलं होतं पहिल्या मजल्यावरच बसेल... हो, हो, सांगतो."

म्हणजे हे असं आहे! किल्ला बघायला आणलंच नव्हतं. माझे गुडघे बघायला आणलं होतं. मी इथे कुठल्याशा राजाच्या जिन्यावर 'आता नाही बाई झेपत' म्हणून बसायचं, आणि ते वाक्य यांनी रोहनला पोचवायचं. आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग. रागाने चढले. गुडघा आतून ठणकत होता, तरी थेट गच्चीवर गेले. सगळी धुराडी फिरून बघितली. वाऱ्याने पदर उडत होता, तो खोचला आणि आणखी एक फेरी मारली.

खाली आले तर वि. दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसलेला. "तुझी वाट बघत होतो." फोन खिशात. मी भिंतीवरची फ्रेंच पाटी वाचत राहिले. बोलले असते तर सगळं बाहेर आलं असतं.

शनि., १४ ऑक्टो.

शनोन्सो. हा चक्क नदीवर बांधलाय, पुलासारखा. खरोखर सुंदर. आवडला हे कबूल करते, फक्त इथे.

वि. पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवत होता. राजाने हा महाल आपल्या आवडत्या बाईला दिला होता. तिने बागा केल्या, पूल बांधला, जीव लावला. राजा गेल्यावर राणीने तिला सांगितलं, हा सोड, तुला दुसरा देते.

मी विचारलं, "तिला जायचं होतं का, ते लिहिलंय?"

"चांगला महाल दिला की बदली. इथून जवळच, नदीकाठी." हे बोलून झालं आणि मग गडी लाल झाला. पुस्तक मिटलं. म्हणाला, कॉफी घेऊ.

कॉफी पिताना घरी फोन लावायला सांगितला. बराच वेळ वाजला, मग रोहनने उचलला. मागे माणसं बोलत होती.

"टीव्ही आहे, आई."

टीव्हीवर बायका, घर बघायला आल्यासारख्या, 'इज द बेसमेंट फिनिश्ड' असं विचारतात का?

रवि., १५ ऑक्टो.

आज शोमाँ. हाच तो, बदली दिलेला. मीच म्हटलं, बघू तरी त्या बाईच्या गळ्यात काय मारलं ते.

गाडी खाली ठेवून टेकडी चढायची. मी तयारीत होते, गुडघ्याला सकाळीच पट्टा बांधला होता, सलवारीखाली. वि. वाटेत थांबला. "फोटो घेतो." पुन्हा थांबला. "व्ह्यू बघ." तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी मागे वळून बघितलं. कॅमेरा डोळ्याला लावलेला, आणि झाकण तसंच. एका हाताने झाड धरलेलं.

"दम लागला?"

"छे गं. उजेड चांगला आहे."

तीन वेळा थांबला आणि एकही फोटो नाही. हे मी नोंदवून ठेवते आहे.

महाल वाईट नाही. जाड बुरूज, मोठी झाडं, खाली नदी. ती बाई म्हणे इथे फारशी राहिलीच नाही. वर बाकावर बसून चटणी-पाव खाल्ला. वि.चा रंग जरा... आणि मग आठवत गेलं. शांबोरला मी गच्चीवर होते तेव्हा हा दुसऱ्या मजल्यावर बसलेला. घरी उन्हाळ्यापासून कपड्यांची बास्केट मी बेसमेंटमधून आणते, पडले ती मी, आणि तरी आणते मीच. हा 'पाठ धरलीय' म्हणतो. झोपायला खालच्या खोलीत जातो, वर उकडतं म्हणून. ऑक्टोबरात कुठलं उकडतं?

इतके दिवस मी विचारत होते की हे माझ्यापासून काय लपवताहेत. कुणासाठी लपवताहेत हा प्रश्न पडला नव्हता.

विचारलं नाही. मलाही उत्तर नको असेल.

सोम., १६ ऑक्टो. घरी

दुपारी पोचलो. रोहन सकाळीच गेलाय. फ्रिजवर चिठ्ठी: होप यू हॅड फन, लव्ह, आर.

कोट न काढता पुढच्या दाराशी गेले. पावलं होती. क्षणभर इतकं बरं वाटलं, स्वतःचीच लाज वाटली. मग वाकून बघितलं.

माझी नव्हती. रेघ जाड, बोटं मटारएवढी. दोन्ही पावलं डावी. आणि दोन्हींची बोटं दाराकडे. लक्ष्मी घरातून बाहेर निघालेली.

लहानपणी माझ्या मांडीशी बसून रांगोळीत बोटं उमटवायचा, तेवढ्यावर काढली असणार. पुसली गेली म्हणून घाबरला असेल. पूजेच्या कपाटातून डबा शोधला, गुडघे टेकून बसला, आणि आईला कळू नये म्हणून काढली. कुठल्या दिशेने काढायची ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरात व्हॅनिलाचा वास, फोडणीचा मागमूस नाही. जिन्यातले फोटो काढून पुन्हा लावलेले, क्रम चुकलेला, पदवीच्या फोटोनंतर मुंज.

नेहा आली मेल विचारायला. म्हणाली, "काकू, सांगितलं नाही तुम्ही! मला वाटलं पूजा आहे. शनिवारी कितीतरी गाड्या होत्या ना. फॅमिलीज, मुलंबिलं. रोहनदादा दारात उभा राहून सगळ्यांना शूज काढायला लावत होता यार, ते अमेरिकन लोक बिचारे एका पायावर..."

बूट काढून मोज्यांनी फिरले. मोज्यांनी रांगोळी जास्त पसरते.

वि. मागेच उभा होता. नेहा गेल्यावर म्हणाला, "घर नुसतं दाखवलंय. किंमत काय येते बघायला. तुझ्या सहीशिवाय काही होणार नाही." मग टेबलावर कागद ठेवला. एजंटचा करार. खाली दोन रेघा, एकीवर त्याची सही, दुसरी कोरी.

त्याच्या सहीची तारीख सप्टेंबरची. फ्रान्सचं नाव निघायच्या आधीची.

बुध., १८ ऑक्टो.

दोन दिवस बोललो नाही. कागद टेबलावर तसाच. त्याच्या बाजूलाच जेवतो.

लक्ष्मीपूजन शनिवारी. उलटी पावलं दारात ठेवून दिवाळी करायची नाही. सकाळी डबा घेतला, ओलं फडकं घेतलं, दाराशी खाली बसले. एक पाऊल पुसलं, नीट काढलं, उजवं, बोटं आत. दुसऱ्याकडे सरकायला गेले आणि गुडघा अडकला. उठता येईना. हात टेकायला काही नाही. हाक मारायची नव्हती, म्हणून फरशीवर तशीच बसून राहिले.

वि. मेल घेऊन आला. मला वाटलं आता म्हणेल, बघितलंस? मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने पाकिटं खाली ठेवली. भिंतीला धरून, कण्हत कण्हत, माझ्या शेजारी खाली बसला. छातीचा भाता चाललेला. म्हणाला, "रोहनला तुझ्या गुडघ्याचं सांगितलं. माझं नाही सांगितलं."

"तुझं काय?"

"डॉक्टर म्हणतो जिने कमी करा." पाकिटांकडे बघत. "जुलैत म्हणाला."

माझ्या गुडघ्याआड लपून बसला होता तीन महिने! असा संताप आला की त्याचा हात घट्ट धरला. त्याला शिव्या दिल्या, पुणेरी, सगळ्या आठवल्या तेवढ्या. मग विचारलं, डॉक्टरांचा कागद कुठे आहे, मला वाचायचाय, तुझ्या तोंडून नको. गाडीच्या कप्प्यात आहे म्हणाला. मग दोघंही तिथेच, कारण आता दोघांनाही उठता येत नव्हतं.

शेवटी कसे उठलो ते मी इथेही लिहिणार नाही.

गाडीतून कागद आणून वाचला. दोनदा वाचला. करारावर सही केलेली नाही. फाडलेलाही नाही.

दुसरं पाऊल राहिलं ते राहिलंच. एक आत येतंय, एक बाहेर जातंय. संध्याकाळी केर काढला तेव्हा तेवढी जागा सोडून काढला.