एक्स उजवीकडून

३ नोव्हेंबर
लमीसला गणितात वीसपैकी सहा. अख्ख्या अलेक्झांड्रियात कुणाच्या पोरीला इतके कमी नसतील. तिच्या शाळेत गणित इंग्रजीत, पण सहा म्हणजे फारच. मेव्हणा हिल्मी इंजिनियर. लगेच फोन: रोज संध्याकाळी पोरीला माझ्याकडे पाठवा. अफाफ पाघळली. भाऊ ना तिचा! म्हटलं, बाप जिवंत आहे अजून. दुकानांच्या पाट्या रंगवतो म्हणून काय झालं? शाळेत मला बीजगणिताचा वाघ म्हणत. (निदान मी म्हणायचो.) ठरलं: महिनाअखेरच्या टेस्टमध्ये दहाच्या खाली आली तर हिल्मीकडे. तो ट्रामच्या पार टोकाला राहतो, म्हणजे पोरगी जेवूनच परतणार. मग मी संध्याकाळी घरी येऊन करायचं काय? अफाफशी बोलायचं?

४ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा
संकल्प: रोज एक तास. सिगारेट नाही, मॅच नाही, ओरडणं नाही.
पहिला प्रॉब्लेम: ७ − x = ३. हा एक्स म्हणजे आमच्या अरबी पुस्तकातलं 'सीन' हे अक्षरच, पाटलोण घालून आलेलं. अरबी रीतीप्रमाणे उजवीकडून वाचलं: तीन बरोबर एक्स वजा सात. सात पलीकडे नेले, वजाचे अधिक झाले. एक्स बरोबर दहा. चहा निवायच्या आत!
लमीस म्हणाली, बाबा, चार नाही का? म्हटलं, घाईचं उत्तर चार, विचाराचं दहा. पेन्सिल चावत बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बहुधा आदराने.

६ नोव्हेंबर
मॅच. फक्त पहिला हाफ बघणार होतो. पण पोरीपुढे अर्धवटपणाचा आदर्श नको.

९ नोव्हेंबर
लमीस म्हणते, शाळेतल्या मिस दौलत गणित डावीकडून वाचतात. फॅशन! म्हटलं, पोरी, अल्जेब्रा हा शब्दच आपल्या अरबीतून जगभर गेलाय. घरच्या मालाला परक्याची रीत कशाला?
पुस्तकात छपाईच्या चुका फार. वजाबाकीचं एकही उत्तर मागच्या पानाशी जुळेना. बेरजेची मात्र नीट छापलीत. लमीस खुदुखुदु हसत होती. गोडी लागली वाटतं.

१३ नोव्हेंबर
आज प्रोबॅबिलिटी. बरणीत पाच हिरवी ऑलिव्हं, तीन काळी. न बघता काढलेलं काळं निघण्याची शक्यता किती? म्हटलं, निघेल किंवा नाही निघणार. निम्मी. लमीस म्हणाली, मग आत्ता आपल्या दारात उंट येईल किंवा नाही येणार, तेही निम्मं का रे बाबा? आगाऊ कार्टी! आईवर गेलीय.
प्रयोग केला. काढलेलं परत बरणीत टाकणं बरं दिसत नाही, म्हणून खाल्लं. शेवटी नुसती काळी उरली. सिद्ध झालं: शंभर टक्के.
पाहुण्यांची ऑलिव्हं कुणी संपवली, असं अफाफ विचारत होती.

१८ नोव्हेंबर
ही विद्या एकाच पोरीपुरती ठेवणं पाप. स्वतःच्या नावाची पाटी रंगवली: उस्ताद फिकरी, बीजगणित, पायरी-पायरीने. अक्षर काय उतरलंय! बाल्कनीत टांगली. अफाफने तिच्यावर सतरंजी वाळत घातली. म्हणाली, आधी टेस्ट होऊ दे, मग मिरव.

२३ नोव्हेंबर
उद्या टेस्ट. लमीसची पेन्सिल तीनदा टोकून दिली. हिल्मीकडे रमली तर? माझी पोरगी मला परत मिळेल का? झोपायला जाताना लमीस म्हणाली, बाबा, तू घाबरू नकोस. मी? घाबरणार?

२७ नोव्हेंबर
एकोणीस! वीसपैकी! बिल्डिंगभर रव्याचा गोड बसबूसा वाटला. हिल्मीला फोन जिन्यात उभं राहून केला, चारही मजल्यांना ऐकू जाईल असा. सतरंजी उतरवली. परवा पालकसभा. मिस दौलतना आपली पद्धत समजावून सांगायला हवी. शर्ट इस्त्रीला दिला.

२९ नोव्हेंबर
मिस दौलतनी सगळ्यांसमोर लमीसला उभं केलं. म्हणाल्या, 'सोडवलेल्या उदाहरणातली चूक शोधा' या प्रश्नात अख्खा वर्ग आपटला. हिने एकही चूक सोडली नाही. कशी गं केलीस तयारी? लमीस म्हणाली, घरी बाबा रोज सोडवतो, मी रोज शोधते.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मग थांबलो.
पाटी उतरवली. संध्याकाळी सहाला लमीस पुस्तक आणि लाल पेन्सिल घेऊन हजर. पहिल्यांदाच डावीकडून वाचलं. उत्तर बरोबर आलं. पोरगी हिरमुसली. म्हणाली, असं काय करतोस रे बाबा, नीट सोडव ना, रोजच्यासारखं.